बाबा असं का बोलतायत? आयसीयूतल्या डिलिरियमवर तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी ओघाओघात डिलिरियम हा शब्द वापरला आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी २२ वर्षं आयसीयूत सिस्टर होते त्यामुळे उत्तरं आतल्या बाजूने येतील, पण चार वर्षांपूर्वी माझे वडील आत होते आणि मी दाराबाहेरच्या खुर्चीवर, तेव्हा थोडं बाहेरच्या बाजूनेही येईल. पत्रं लांब होती, छोटी केलीयेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, बाबा ७१ वर्षांचे. पोटाचं ऑपरेशन झालं, मग इन्फेक्शन रक्तात गेलं, पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी काढली तेव्हा वाटलं सुटलो एकदाचे. आता ते म्हणतात छतावर मुंग्या आहेत, रात्री इथले लोक पेशंटना तळघरात नेतात, मला इथून काढ. भावाला म्हणाले तू कोण रे. ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही तो सिस्टरना शिव्या देतोय, हात बांधून ठेवलेत. डोक्यावर कायमचा परिणाम झालाय का? आणि आत गेल्यावर बोलू काय? मुंग्या आहेत म्हटलं तर खोटं, नाहीत म्हटलं तर ते चिडतात.

उत्तर: वेड लागलेलं नाही. हे आधी सांगते कारण पहिल्या दिवशी माणसाला हेच ऐकायचं असतं. इन्फेक्शनमध्ये जशी किडनी दमते, फुप्फुसं दमतात, तसा मेंदूही दमतो, आणि त्याचं काम असं अचानक विस्कटलं की त्याला डिलिरियम म्हणतात. कारणं एकात एक गुंतलेली असतात, इन्फेक्शन, कमी पडलेला ऑक्सिजन, रक्तातलं सोडियम नाहीतर साखर वरखाली, गुंगीची औषधं, दुखणं, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, आणि झोप, म्हणजे झोपेचा पत्ताच नसणं, कारण तिथे रात्री तीनलाही ट्यूबलाईट चालू असते आणि कुठल्या ना कुठल्या मशीनचा अलार्म वाजत असतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तर हे इतकं कॉमन आहे की २००४ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात दहातल्या आठ जणांना ते झालं होतं. शब्द लॅटिनमधला आहे, मूळ अर्थ नांगर सरी सोडून भरकटणं. मला तो फार पटतो कारण मराठीत नांगराच्या सरीला तासही म्हणतात, आणि या पेशंटचे खरंच दोन्ही तास सुटलेले असतात, सकाळ आहे की मध्यरात्र तेही कळत नसतं.

दुसरं म्हणजे हे वरखाली होतं. सकाळी दहाला बाबा नीट बोलतील, तुम्ही घरी फोन करून सांगाल की बरे झाले, आणि संध्याकाळी सातला परत मुंग्या. खचू नका, डिलिरियमची खूणच ती आहे. बहुतेकांचं मूळ आजार आटोक्यात आला की काही दिवसांत ओसरतं, वय जास्त असेल किंवा आधीपासून विसरणं चालू असेल तर काही आठवडेही लागतात, आणि काहींचं थोडं मागे राहतं, त्यावर शेवटच्या पत्रात लिहिलंय.

आता बोलायचं काय. आत गेल्यावर घरचं माणूस पहिलं वाक्य काय बोलतं माहितीये? "ओळखलंत का मला?" मीही वडिलांना हेच विचारलं, इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारू नका म्हणून सांगून. तो प्रश्न म्हणजे त्यांची परीक्षा होते, उत्तर येत नाही, मग ते घाबरतात नाहीतर चिडतात. विचारू नका, सांगा. त्यांना दिसाल अशा बाजूला उभ्या राहा, हात हातात घ्या आणि एका वेळी एकच छोटं वाक्य. "बाबा, मी आलेय, तुमची धाकटी." थांबा. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. पोटाचं ऑपरेशन झालं." थांबा. "आज मंगळवार, सकाळ झालीये." दहा मिनिटांनी परत तेच सांगावं लागेल, सांगा, त्यांना ते दर वेळी नवीनच असतं.

मुंग्यांचं म्हणाल तर एकदा त्यांच्या उशीजवळ डोकं न्या आणि ते बघतात तिकडे बघा. बऱ्याच आयसीयूत छताला बारीक भोकांच्या पांढऱ्या टाइल्स असतात, डोळ्यावर चष्मा नसताना आणि अंगात ताप असताना ती भोकं चालायला लागतात. माझ्या वडिलांना पायाशी एक पांढरा माणूस उभा दिसायचा. मी दोन दिवस त्यांना तिथे कुणी नाही, कुणी नाही म्हणत राहिले, तिसऱ्या दिवशी त्यांच्या उशीला टेकून पाहिलं तर सलाईनचा स्टँड, त्यावर कुणीतरी गाऊन टांगलेला. गाऊन काढला, सिस्टरना विचारून स्टँड डोक्याकडे घेतला, त्या रात्री तो माणूस आला नाही.

प्रत्येक भासाचं मूळ असं सापडत नाही. तेव्हा एवढंच म्हणा, "मला नाही दिसत बाबा मुंग्या, पण तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय, मी बसलेय इथे." यात खोटंही नाही आणि वादही नाही. मग हळूच घरच्या कशावर तरी बोलायला लागा. वाद घालून कुणाचा भास गेलेला मी पाहिला नाही.

आणि चष्मा कुठे आहे? कानाचं मशीन? कवळी? ऑपरेशनला नेताना हे सगळं काढून एका पिशवीत घालून नातेवाईकांच्या हातात देतात आणि ती पिशवी घरी कपाटात जाते. ज्या माणसाला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याने जग ओळखायचं कशावरून? आजच आणा, डबीवर नाव लिहा, मशीनची बॅटरी चालू आहे का बघा, कवळी लावायची की नाही ते मात्र सिस्टरना विचारून.

हात बांधलेले बघवत नाहीत, मान्य. पण स्वतःहून सोडू नका. "मी आहे तेवढा वेळ एक हात मोकळा ठेवता येईल का, मी धरून बसते" असं विचारा, बऱ्याचदा हो म्हणतात, कारण बांधल्याने पेशंट आणखी बिथरतो हे स्टाफलाही माहीत असतं.

शेवटचं, आणि हे चारचौघांत नको, डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. बाबा दारू घेत असतील, कितीही थोडी, रोज झोपेची गोळी घेत असतील, तंबाखू असेल, तर सगळं सांगा. अचानक बंद झालेली दारू किंवा झोपेची गोळी हे डिलिरियमचं मोठं कारण असतं आणि त्यावरचे उपचार वेगळे असतात. लाजेपायी लपवलेल्या त्या एका गोष्टीने जीवावर बेतलेलं मी पाहिलंय.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना न्यूमोनियामुळे आयसीयूत ठेवलंय, आठवा दिवस. ते ओरडत नाहीत, नळ्या ओढत नाहीत, नुसते पडून असतात. सगळे म्हणतात शांत आहेत, चांगलंय. पण ते माझ्याकडे बघतात ते आरपार बघतात. मी बोलत असताना मध्येच नजर जाते. मोबाईल हातात दिला तर उलटा धरून तसेच बसले. हा माणूस शब्दकोड्यात एक घर रिकामं सोडत नाही. मी उगाच काळजी करतेय का?

उत्तर: उगाच नाही. तुमच्या पत्रातलं ते उलट्या मोबाईलचं वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा.

डिलिरियम म्हटलं की आरडाओरडा करणारा पेशंटच डोळ्यासमोर येतो, पण आयसीयूत गप्प प्रकारचा डिलिरियम खूप असतो आणि नेमका तोच निसटतो, कारण गप्प पेशंट कुणाला त्रास देत नाही. मी खोटं बोलणार नाही, ड्युटीवर सहा पेशंट असताना जो शांत पडलाय त्याच्याबद्दल देवाचे आभारच मानले जातात. माझ्याकडूनही असे पेशंट निसटलेत.

तपासायची पद्धत आहे, अवघड नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत डॉ. वेस्ली ईली आणि त्यांच्या टीमने २००१ मध्ये कॅम-आयसीयू नावाची टेस्ट तयार केली, जगभर वापरतात, नळीमुळे बोलता न येणाऱ्या पेशंटचीही घेता येते. सिस्टर दहा अक्षरं एकेक करून म्हणतात आणि ठरलेलं एक अक्षर आलं की पेशंटने त्यांचा हात दाबायचा. मग साधे प्रश्न, दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का. ज्याचं लक्षच टिकत नाही तो तिसऱ्या चौथ्या अक्षराला हात सोडून देतो. तुम्ही ही टेस्ट घेऊ नका, ते सिस्टरचं काम, पण "आज त्यांची डिलिरियमची टेस्ट घेतली का, काय आली" हे राऊंडच्या वेळी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि टेस्टमध्ये कधीच येणार नाही अशी एक माहिती फक्त तुमच्याकडे आहे, ते आधी कसे होते. आम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच आडवे, नळ्या लावलेले. शब्दकोडं आम्हाला माहीत नाही. घरच्यांना विचारायचा एकच प्रश्न अभ्यासून ठेवलाय डॉक्टर लोकांनी, "हल्ली हे नेहमीपेक्षा जास्त गोंधळल्यासारखे वाटतात का?" बस्स, इतका साधा. तो तुम्हाला कुणी विचारला नसेल तर न विचारताच उत्तर द्या. "शांत आहेत, पण हे त्यांचं नेहमीचं शांत असणं नाही" असं म्हणा, आणि कधीपासून आणि दिवसात केव्हा जास्त असतं तेही सांगा. नवीन इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी पडणं, एखादं औषध जास्त होणं, यातलं काहीतरी त्यामागे असू शकतं आणि ते शोधायला त्याच दिवशी सुरुवात होते. म्हणून उद्या सांगू असं करू नका.

प्रश्न: आमच्या इथे सकाळी १५ मिनिटं आणि संध्याकाळी १५ मिनिटं सोडतात, तेही एकालाच. आईला डिलिरियम आहे. मी वाचलंय की घरचे जवळ असले की पेशंट लवकर बरा होतो. भांडून जास्त वेळ मिळवावा का?

उत्तर: वेळ मागा, भांडू नका, आणि मागायच्या आधी खरं काय आहे ते माहीत असू द्या म्हणजे बोलताना घसरणार नाही.

ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूत मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. काही दिवस घरच्यांना रोज १२ तासांपर्यंत बसू दिलं, काही दिवस नेहमीसारखं थोडाच वेळ. डिलिरियमचं प्रमाण एकीकडे १८.९ टक्के, दुसरीकडे २०.१ टक्के, म्हणजे म्हणावा असा फरक पडला नाही. पण ज्या भीतीने दार बंद ठेवतात ते इन्फेक्शनही वाढलं नाही, आणि घरच्यांची चिंता नि खिन्नता बरीच कमी झाली. नंतर कोविडच्या काळात १४ देशांतल्या दोन हजारांवर पेशंटची माहिती गोळा केली, २०२१ मध्ये आली, त्यात प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर घरच्यांची भेट झालेल्यांमध्ये डिलिरियम कमी दिसला, अर्थात अशा पाहणीवरून भेटीमुळेच कमी झाला असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि ६८ आयसीयूतल्या पंधरा हजारांवर पेशंटवर सहा गोष्टींचं एक पॅकेज तपासलं, दुखणं कमी करणं, गुंगी कमी ठेवणं, लवकर हालचाल वगैरे, त्यातली सहावी गोष्ट कुटुंबाला सोबत घेणं. पॅकेजमधलं जितकं जास्त पाळलं गेलं तितका डिलिरियम कमी दिसला.

यातून मी काढलेला अर्थ सांगते. नुसते तास मोजून उपयोग नाही, त्या तासांत काय करता ते बघायला हवं. बारा तास मोबाईलमध्ये बघत बसलेला मुलगाही मी पाहिलाय आणि १५ मिनिटांत आईचा चष्मा पुसून, तारीख सांगून, नातवाचा आवाज ऐकवून जाणारी मुलगीही. म्हणून मागताना "जास्त वेळ द्या" एवढंच नका म्हणू. दारावरच्या सिक्युरिटीशी तर वाद नकोच, त्याच्या हातात काही नसतं. राऊंड संपल्यावर इन्चार्ज सिस्टर किंवा डॉक्टरांना गाठा आणि नेमकं काम सांगा, "आईला संध्याकाळी सहानंतर गोंधळ जास्त होतो, त्या वेळेला अर्धा तास मी शेजारी बसते, तुम्ही सांगाल ते सगळं पाळते, दोन दिवस करून बघूया का?" दोन दिवस म्हटलं की नाही म्हणणं अवघड जातं.

तरीही नाही म्हणाले तर तुम्ही आत नसताना तुमच्या वतीने आत राहतील अशा दोन गोष्टी आहेत. एक कागद, मोठ्या अक्षरात, बेडजवळ लावायला सांगा. आईला घरी काय हाक मारतात (आजी म्हटलेलं आवडत नसेल तर तेही लिहा), कुठल्या कानाने कमी ऐकू येतं, कुठली भाषा कळते, रात्री कुठल्या कुशीवर झोपते, आयुष्यभर काय काम केलं, कशाची भीती वाटते, काय केलं की शांत होते. हा कागद रात्रीच्या ड्युटीच्या सिस्टरला किती उपयोगी पडतो ते मी तुम्हाला शब्दात सांगू शकणार नाही. आणि दुसरं, तुमच्या आवाजातलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. "आई, मी बोलतेय, तू हॉस्पिटलमध्ये आहेस, तुला बरं वाटण्यासाठी ठेवलंय, नाकात नळी आहे ती ओढू नकोस, मी संध्याकाळी येतेय." अवघ्या ३० पेशंटच्या एका छोट्या अभ्यासात घरच्यांचा असा आवाज ऐकवलेल्यांचे डिलिरियमशिवायचे दिवस जास्त निघाले. अभ्यास छोटा आहे हे खरं, पण यात वाईट व्हायला काही नाही आणि खर्च शून्य. रडत रडत मात्र रेकॉर्ड करू नका, दुसऱ्यांदा करा, तिसऱ्यांदा करा, आवाज रोजच्यासारखा यायला हवा.

प्रश्न: एवढे भास होतायत तर डॉक्टर त्यावर एखादं चांगलं इंजेक्शन का देत नाहीत? निदान झोपेचं तरी?

उत्तर: कारण डिलिरियम लवकर घालवेल असं खात्रीचं औषध अजून नाही. पूर्वी हॅलोपेरिडॉल, म्हणजे मानसिक आजारातल्या भासांवरचं एक औषध, सर्रास द्यायचे. २०१८ मध्ये ५६६ पेशंटचा अभ्यास आला, हॅलोपेरिडॉल, त्याच जातीचं आणखी एक औषध आणि नुसतं सलाईन अशी तुलना होती, आणि डिलिरियमचे दिवस कशानेच कमी झाले नाहीत. फार बिथरलेल्या, स्वतःला इजा करून घेईल अशा पेशंटला काही काळ औषध द्यावं लागतं, तो निर्णय डॉक्टरांचा. पण झोपेचं इंजेक्शन द्या म्हणून हट्ट नको, झोपेच्या औषधांचा जो नेहमीचा गट आहे त्यानेच डिलिरियम वाढतो (दारू सुटल्यामुळे झालेला डिलिरियम याला अपवाद, तिथे तीच औषधं लागतात). त्याऐवजी रात्री लाईट कमी करता येईल का, डोळ्यावर पट्टी, कानात बोळे चालतील का, ते विचारा.

प्रश्न: ताई, मी आयसीयूत स्टाफ आहे, दोन वर्षं झाली. राग येऊ देऊ नका पण नातेवाईक आत आले की आमचं काम दुप्पट होतं. परवा एका मुलाने आईचे हात सोडले आणि फोन आला म्हणून बाहेर गेला, तेवढ्यात तिने नाकातली नळी काढली. बोलणी मी खाल्ली.

उत्तर: राग कसला, तुझ्या जागी मी होते. नळी परत घालताना त्या बाईला झालेला त्रास आणि तुला खावी लागलेली बोलणी, दोन्ही खरी आहेत. वाचकहो, तुम्हीही हे वाचा. तीन गोष्टी कधीही स्वतःच्या मनाने करू नका. बांधलेले हात सोडून दूर जाऊ नका, मशीनचा अलार्म बंद करू नका, आणि तोंडाने पाणी देऊ नका. तिसरं सगळ्यात अवघड कारण पेशंट पाणी पाणी करत असतो आणि चमचाभराने काय होतंय असं वाटतं, पण व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर काही दिवस गिळणं बिघडलेलं असू शकतं आणि ते चमचाभर पाणी फुप्फुसात जातं. ओले बोळे ओठांना लावता येतील का विचारा.

तुला मात्र एक सांगू? त्या मुलाला कुणी काहीच काम दिलं नव्हतं. रिकाम्या हाताने बसलेला माणूस काय करणार, आईचे हात बांधलेले दिसले, सोडले. माझ्याकडे एक मुलगा यायचा, दिवसभर मॉनिटरकडे बघायचा आणि आकडा जरा हलला की आम्हाला हाक. वैताग आला होता सगळ्यांना. एक दिवस मी त्याला म्हटलं मॉनिटर माझा, आई तुझी. क्रीम दिलं, तळहातापासून कोपरापर्यंत कसं चोळायचं दाखवलं, सकाळी पडदा उघडायचा, फळ्यावर वार आणि तारीख लिहायची, फिजिओथेरपिस्ट आले की आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसेल तेव्हा तू समोर उभा राहून दहापर्यंत आकडे म्हणायचे. त्याची हाक बंद झाली. आणि आई त्याच्या आकड्यांसाठी बसायची, आमच्यासाठी नव्हती बसत. ही हालचाल म्हणजे वेळ घालवायचा कार्यक्रम नाही बरं का, २००९ च्या एका अभ्यासात १०४ पेशंटपैकी ज्यांना व्हेंटिलेटरवर असतानाच फिजिओथेरपी सुरू केली त्यांचा डिलिरियम साधारण दोन दिवस टिकला आणि बाकीच्यांचा चार. पहिल्या दिवशी नातेवाईकांना दहा मिनिटं शिकवायला जातात, मान्य, पुढच्या आठ दिवसांत ती दहा मिनिटं कितीदा तरी परत मिळतात.

प्रश्न: सासूबाई आयसीयूत आहेत. नऊ रात्री मी बाहेरच्या बाकावर काढल्या. काल सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिने माझी अंगठी चोरली, हिला आत सोडू नका. अंगठी खरं तर स्टाफने काढून नणंदेच्या हातात दिलीये, तीही तिथेच होती, गप्प बसली. डिलिरियम आहे हे मला कळतं. तरी आज आत जावंसं वाटत नाही आणि त्याची लाजही वाटते.

उत्तर: नका जाऊ आज. खरंच. घरी जा, झोपा, उद्याचं उद्या बघू. नऊ रात्री बाकावर झोपलेल्या माणसाचंच डोकं धड राहत नाही, त्यात हे.

अंगठीबद्दल एवढंच सांगते की डिलिरियममधल्या गोष्टी बऱ्याचदा कुठल्या तरी खऱ्या तुकड्यावर उभ्या राहतात. सासूबाईंच्या बोटातली अंगठी कुणीतरी खरंच काढली, त्यांना अर्धवट गुंगीत ते जाणवलं असणार, आणि नऊ दिवस सगळ्यात जास्त दिसलेला चेहरा तुमचा. त्यांच्या मेंदूने दोन तुकडे जोडले. जो सगळ्यात जवळ असतो त्याच्यावर आळ येतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता नवल वाटत नाही, वाईट मात्र दर वेळी वाटतं. सासूबाईंना कदाचित यातलं काही आठवणारही नाही.

नणंदेचं गप्प बसणं वेगळं. तिला डिलिरियम नाही. तिने आत जाऊन "आई, अंगठी माझ्याकडे आहे, ही बघ" असं दाखवायला हवं आणि तुमच्या घरच्यांसमोरही ते बोलायला हवं, तुमच्या नवऱ्याने तिला तसं सांगावं, तुम्ही नको. आणि पाळ्या लावा. एकाच बाईने रात्री काढायच्या आणि बाकीच्यांनी फोनवर विचारायचं, याला सेवा म्हणतात आणि त्यात ती बाई संपून जाते. पेशंट घरी आल्यावर कित्येक महिने घरच्यांनाच झोप न लागणं, धास्ती, उदासी असं राहतं, डॉक्टरांनी त्याला नावही दिलंय, आयसीयूनंतरचा कुटुंबाचा सिंड्रोम. तुम्हाला तसं वाटायला लागलं तर मनाच्या डॉक्टरांकडे स्वतःसाठी जा, सासूबाईंची सोबत म्हणून नाही.

प्रश्न: हे घरी येऊन दोन महिने झाले. शरीराने बरे आहेत. पण रात्री दचकून उठतात, म्हणतात मला जहाजात बांधून ठेवलं होतं. हिशेब करताना अडकतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात. हॉस्पिटलचा विषय काढला तर उठून जातात. मीही काढत नाही. बरोबर करतेय का?

उत्तर: न काढण्यामागचं तुमचं मन कळतं, पण माझं मत वेगळं आहे.

आधी हिशेबाचं. २०१३ मध्ये ८२१ पेशंटचा अभ्यास आला, तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा दहातल्या चार जणांची स्मरणशक्ती आणि विचार करायची ताकद डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली गेलेली होती, काहींची वर्षानंतरही. जितके जास्त दिवस डिलिरियम, तितकं हे जास्त. हे घाबरवायला सांगत नाही, ते आळशी झालेत किंवा मुद्दाम करतायत असं घरात कुणी म्हणू नये म्हणून सांगतेय. हिशेब त्यांच्याकडून काढून घेऊ नका, शेजारी बसून करा, छोटे तुकडे पाडून.

जहाजाचं वेगळं. डिलिरियममधला काळ कोरा असतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच जणांना खरं घडलेलं काही आठवत नाही आणि भास मात्र लख्ख आठवतात, खऱ्या आठवणीसारखे. माझे वडील घरी आल्यावर वर्षभराने एका संध्याकाळी अचानक म्हणाले, "तो पांढरा माणूस पायाशी उभा असायचा ना, त्याला तू काय सांगितलंस म्हणून गेला?" वर्षभर तो माणूस त्यांच्यासाठी खरा होता. मी गाऊनचं सांगितलं. दोनदा विचारलं त्यांनी, स्टँड कुठे होता, गाऊन कुणाचा होता. मग त्या रात्री ते दिवा बंद करून झोपले, वर्षभर चालू ठेवून झोपायचे.

म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी ते दिवस लिहून काढा. काही देशांत सिस्टर आणि घरचे मिळून पेशंटच्या उशाशी डायरी ठेवतात, कोणत्या तारखेला काय झालं, कोण भेटायला आलं, साध्या शब्दांत. युरोपातल्या २०१० च्या अभ्यासात डायरी मिळालेल्यांना नंतर मानसिक आघाताचा त्रास कमी झाला, ५ टक्के विरुद्ध १३, फ्रान्समधल्या २०१९ च्या अभ्यासात मात्र तसा फरक दिसला नाही. तेव्हा रामबाण म्हणून नाही, पण ज्याच्या आयुष्यातले दिवस गळून गेलेत त्याला ते परत द्यावेत असं मला वाटतं. आता मागून लिहिली तरी चालेल. मोबाईलमधले मेसेज, फोटो, डिस्चार्ज कार्ड समोर घेऊन बसा, नळी कधी घातली, कधी काढली, हात का बांधले, कोणत्या दिवशी ते पहिल्यांदा तुमच्याकडे बघून हसले. मग ती वही त्यांना दिसेल अशी ठेवून द्या, वाचा म्हणून मागे लागू नका. ते विचारतील तेव्हा सांगा, रात्री नको, दिवसा. पलंग हलत होता, कठड्याच्या दांड्या होत्या, मनगटं बांधलेली होती, जहाज कुठून आलं ते कदाचित तुम्हाला दोघांनाही तिथे सापडेल.

आणि दचकून उठणं, विसरणं याच वेगाने चालू असेल तर तिसरा महिना संपायची वाट बघू नका, ज्यांनी आयसीयूत बघितलं त्या डॉक्टरांना भेटून मेंदूच्या किंवा मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी घ्या. जाताना तीन वेळा विचारलेली गोष्ट कोणती, हिशेबात नेमकं कुठे अडकले, रात्री किती वाजता उठले, हे आठवडाभराचं लिहून न्या. ते आधी कसे होते हे त्या डॉक्टरांनाही माहीत नसणार.